मुलाण्याची पाठ

ईदच्या तिसऱ्या दिवशी कुर्बानीचे शेवटचे वाटे गावात पोचले. मकबूलभाई मुलाण्यांनी ताडपत्री दोन पाण्यांनी धुतली, उन्हात वाळवली आणि तीच पुन्हा चिंचेच्या सावलीत अंथरून सगळ्या घराला बसायला बोलावलं. जैतूनबी चुलीपुढून उठली तेव्हाच तिला कळून चुकलं, की आज जमिनीचा विषय निघणार. नवऱ्याने दाढीला अत्तर लावलं होतं. एवढ्या संसारात दाढीला अत्तर लावून त्याने कधी काही चांगलं सांगितल्याचं तिला आठवत नव्हतं. दुभती म्हैस विकली त्या दिवशीही असाच घमघमाट सुटला होता.

काष्टीच्या शिवारातल्या त्या वस्तीवर ईदेला सगळे जमले होते. थोरला मुबारक नगरहून आला होता, बायको राशिदा आणि दोन्ही मुलींना घेऊन. एमआयडीसीतली नोकरी सोडून गावच्या रस्त्याला गॅरेज टाकायचं त्याच्या मनात वर्षभर घोळत होतं. धाकटा शकूर इथेच राहून शेती बघायचा, त्याची बायको माहेरी गेलेली. मधली बिल्कीस श्रीगोंद्याहून एकटीच आली होती, कारण जावयाने शहाणपणा केला होता. तुमच्या घरातलं तुम्ही बघा म्हणून तो दुकान उघडून बसला होता. आणि बांधाला बांध लागून असलेले रामहरी अण्णा मुद्दाम बोलावल्यामुळे इस्त्रीची टोपी घालून आले होते.

"हिबा करायचा म्हनतोय," मकबूलभाई म्हणाले. "मी हाय तवर, माझ्या हातानं देऊन टाकतो. माझ्या मागं पोरांनी कोर्टाची पायरी चढू नये. आज तोंडानं बोलतो, दोन साक्षी बसल्यात, मग श्रीगोंद्याला जाऊन कागद करू."

साक्षी म्हणजे एक रामहरी अण्णा आणि दुसरी खुद्द जैतूनबी. आपण साक्षी आहोत हे तिला आत्ताच कळत होतं. घरातल्या मोठ्या गोष्टी तिला बाकी सगळ्यांबरोबरच सांगितल्या जायच्या, आणि त्याचं तिला आता नवल वाटेनासं झालं होतं.

मकबूलभाईंनी वाटणी सांगितली. रान सहा एकर, लांबट. रस्त्याच्या अंगाचे दोन एकर मुबारकला. मधली दोन एकर लिंबोणी, विहिरीसकट, शकूरला. आणि पलीकडचे दोन एकर बिल्कीसला. पोरगी आहे म्हणून आपण तिला वगळलेलं नाही, हे त्यांनी दोनदा सांगितलं. तिघांना सारखं, गुंठ्याचाही फरक नाही, असं म्हणून त्यांनी रामहरी अण्णांकडे पाहिलं. माणूस चांगलं काम केल्यावर जसं बघतो तसं ते पाहत होते.

पलीकडचे दोन एकर म्हणजे मुरमाड माळ. तिथे कुसळं उगवतात आणि उन्हाळ्यात तीही जळून जातात. पाणी नाही, आणि जायचं तर शकूरच्या बागेतून जायचं. सगळ्यांना हे माहीत होतं. मुबारक मोबाईल बघायला लागला. शकूरने काडीने ताडपत्रीवरचा मुंगळा उडवला.

बिल्कीस मात्र हसली. "आब्बा देतील ते मला चालंल," ती म्हणाली.

ते वाक्य जैतूनबीच्या काळजात रुतलं, कारण ते तिचंच होतं. बेलवंडीला बापाच्या ओसरीवर भावांनी हक्कसोडीचा कागद पुढे केला, तेव्हा भाऊ देतील ते मला चालंल, असंच तिने म्हटलं होतं आणि अंगठा उठवला होता. भावांनी साडीचोळी केली, गोडाचं जेवण घातलं, वाईट कुणीच वागलं नाही. पण ज्या आंब्यावर ती लहानपणी चढायची, त्याची कैरी घ्यायची तरी त्या दिवसापासून भावजयीला विचारावं लागत होतं. भावजय कधी नाही म्हणाली नाही. विचारावं लागत होतं एवढंच. आता बिल्कीस त्याच पायरीवर उभी होती, आणि या वेळी जैतूनबीच्या साक्षीने.

"माझी साक्ष न्हाई," जैतूनबी म्हणाली.

मकबूलभाईंना वाटलं, तिला ऐकू आलं नसावं. त्यांनी पुन्हा पहिल्यापासून वाटणी सांगायला घेतली. तिने हात वर करून त्यांना थांबवलं आणि तेच पुन्हा म्हणाली. तिचा आवाज चढलेला नव्हता. चढला असता तर मकबूलभाईंना सोपं गेलं असतं, चढलेला आवाज कसा खाली आणायचा हे त्यांना ठाऊक होतं.

तोंड उघडलं ते शकूरने. त्याचं म्हणणं, आब्बांनी उलट जास्तच दिलंय. शरियतमध्ये लेकीला लेकाच्या निम्मं आहे, इथे तर बिल्कीसआपाला एकराला एकर मिळतोय. हे तो बहिणीकडे न बघता बोलला, त्यावरून जैतूनबीने ओळखलं की हे त्याला स्वतःलाही पुरतं पटलेलं नाही.

"निम्मं ते आमी डोळं मिटल्यावर, वारसाचं," ती म्हणाली. "बाप जित्तेपनी हातानं देतो त्याची गोष्ट येगळी. मी ईदच्या आधी मौलानांना इचारून आल्ये. हयातीत देताना लेक काय आन लेकी काय, सारखंच धरायचं, म्हनले."

ती मौलानांकडे जाऊन आली होती हे ऐकून मकबूलभाईंच्या भुवया वर गेल्या. म्हणजे बायकोला जमिनीचं आधीच कळलं होतं तर. महिनाभरापूर्वी अत्तराची बाटली आणि जमिनीचा उतारा एकाच दिवशी घरात आला तेव्हाच तिने ओळखलं होतं, पण ते तिने सांगितलं नाही.

मग तिने ती गोष्ट काढली. घरातल्या सगळ्यांनी ती मौलानांच्या वाजमध्ये, म्हणजे प्रवचनात, ऐकलेली होती, मकबूलभाई तर स्वतः लोकांना सांगायचे. नबीसाहेबांच्या काळात एका बापाने आपल्या एका लेकराला बक्षीस दिलं. त्या लेकराची आईच म्हणाली, नबीसाहेब साक्षी होईस्तोवर मला हे मान्य नाही. बाप गेला. नबीसाहेबांनी एकच विचारलं, तुझ्या सगळ्या लेकरांना असंच दिलंस का? तो म्हणाला, नाही. नबीसाहेब म्हणाले, मग अन्यायाला मी साक्षी राहणार नाही. बापाने घरी येऊन दिलेलं माघारी घेतलं.

"नबीसाहेबांनी जी साक्ष दिली न्हाई, ती मी कुठल्या तोंडानं देऊ?" जैतूनबी म्हणाली.

आता मकबूलभाई खरोखर दुखावले. त्या बापाने एकालाच दिलं होतं, मी तिघांना देतोय, ते म्हणाले. एकर मोजून देतोय. रामहरी, तू सांग, दोन आणि दोन आणि दोन, यात कमीजास्त काय आहे? रामहरी अण्णांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली, पुन्हा घातली आणि आकडा तर सारखाच दिसतोय एवढंच म्हणाले. मोठ्या भांडणातून अंग काढून घ्यायची त्यांची ती पद्धत होती.

जैतूनबीने ताडपत्रीवरून हात फिरवला. कडेला ती अजून थोडी ओलसर होती. याच ताडपत्रीवर तिच्या नवऱ्याने हयात घालवली होती. काष्टीत कुणाच्या घरी देवकार्य असो, जत्रा असो, चौघांनी मिळून बोकड घेतलेला असो, सुरी धरायला आणि वाटे घालायला मुलाणीच लागायचा. तराजू त्याने कधी बाळगला नाही. हातानेच वाटा उचलायचा, ठेवायचा, इकडचा तुकडा तिकडे करायचा. सगळे वाटे सारखे झाले की तो त्यांच्याकडे पाठ करून बसायचा. मग दुसऱ्या कुणी एका वाट्याला बोट लावून विचारायचं, हा कुणाचा? आणि मकबूलभाई न बघता कुणाचं तरी नाव घ्यायचे. बोट लावणाऱ्याला नाव माहीत नाही, नाव घेणाऱ्याला वाटा माहीत नाही, मग तक्रार करणार कोण? सख्ख्या भावांचा एकमेकांवर विश्वास नसे, पण मुलाण्याच्या पाठीवर असे. बिल्कीस शाळेत होती तोवर बोट लावायचं काम तिचंच होतं. "हा कुनाचा?" हे ती इतक्या खणखणीत विचारायची, की गल्लीच्या टोकाला लोकांना कळायचं, वाटे सुरू झाले.

"एक इचारू का?" जैतूनबी म्हणाली. "इतकी वर्सं तुमी वाटे घातले. एका वाट्यात नुसती कलेजी, दुसऱ्यात नुसती मांडी, आन तिसऱ्यात नुसती हाडकं, असं कधी केलं का? वजन सारखं हाय म्हनून?"

मकबूलभाईंचा हात दाढीकडे गेला आणि तिथेच राहिला. अख्ख्या तालुक्याने त्यांना दुसरं काही म्हटलं असतं तरी त्यांनी झटकून टाकलं असतं. वाट्यात खोट आहे, हे मात्र त्यांना आजवर कुणी म्हटलं नव्हतं, आणि जिने म्हटलं तिने त्यांचा प्रत्येक वाटा बघितला होता.

रामहरी अण्णांनी घसा खाकरला. "मकबूलभाई, मघाशी मी आकडा सारखा म्हनलो ते खरं हाय. पन वयनींची साक्ष न्हाई तर माझी बी न्हाई."

मुबारकने मोबाईल खिशात टाकला. तो शहरात राहून गोड बोलायला शिकला होता. आब्बांचा हेतू वाईट नाही, बिल्कीसला पुढेमागे आपण दोघं भाऊ काहीतरी करूच, असं तो समजुतीच्या सुरात सांगू लागला. राशिदा इतका वेळ डोक्यावरचा पदर नीट करत गप्प बसली होती. सासऱ्यापुढे ती सहसा बोलत नसे. ती हळूच नवऱ्याला म्हणाली, "आपल्या दोघी पोरींना कुनाच्या भरवशावर ठेवायचं तेवढं सांगा." मुबारकने चिंचेखाली खेळणाऱ्या मुलींकडे पाहिलं आणि त्याचं समजुतीचं भाषण तिथेच संपलं. थोड्या वेळाने तो उठला, पाणी प्यायला आणि परत येऊन बसला तो बिल्कीसच्या शेजारी. जैतूनबीने ते पाहिलं आणि मनातल्या मनात सुनेची अलाबला घेतली. या सुनेला तिने आजवर आळशी समजलं होतं, तेही तिने मनातल्या मनातच मागे घेतलं.

राहिला शकूर. त्याचा चेहरा उतरला होता, आणि तो लोभाने उतरलेला नव्हता हे आईला दिसत होतं. ती लिंबोणी त्याने लावली होती. उन्हाळ्यात टँकर आणून, खांद्यावर हंडे वाहून जगवली होती. बहीणभावंडं ईदेपुरती यायची आणि पिशव्या भरून लिंबं न्यायची. शेवटी तो फुटलाच. "मा, वाटे सारखे घाल म्हनतीस ते ठीक. पन झाडांना पानी कोन घालत हुतं? माझा घाम कुठल्या वाट्यात टाकनार?"

प्रश्न खोटा नव्हता. अन्याय एकीकडून काढून दुसरीकडे ठेवायला जैतूनबी बसली नव्हती. उत्तर दिलं बिल्कीसने. आब्बा देतील ते चालेल म्हणणारी मघाची बिल्कीस आता राहिली नव्हती, ती सरळ बसली होती.

"तुझा घाम मला दिसतो, शकूर," ती म्हणाली. "माझ्या वाट्याला जी झाडं येतील ती तूच बघ. निम्मं पीक तुझं, निम्मं माझं. ईहिरीचं पानी तिघांचं. झाडं मी तुझ्याकडून घेत न्हाई. पन ती माझी हायती, एवढं मला म्हनता आलं पायजे."

मुबारकनेही लगेच आपल्या वाट्याची झाडं त्याच बोलीवर धाकट्याच्या हवाली केली. शकूरने काडीने मातीत दोन रेघा ओढल्या. मग म्हणाला, यंदा बाजारात जाईल तो बहार मात्र सगळा माझा. बिल्कीस म्हणाली, खुशाल घे. तो हसला, आणि त्याच्या हसण्याबरोबर त्या ताडपत्रीवरचा ताण निम्मा उतरला. उरलेला निम्मा मकबूलभाईंच्या दाढीत अडकला होता.

सगळे त्यांच्याकडे बघत होते. नवरा हरला असं जैतूनबीला होऊ द्यायचं नव्हतं. ज्या माणसाच्या पाठीवर गाव विश्वास ठेवतं, त्याची मान आपल्याच घरात खाली जावी हे तिला बघवलं नसतं. तिला त्याच्याकडून जे हवं होतं, ते त्याला जगात सगळ्यात चांगलं येत होतं.

"अवो," ती म्हणाली, "आजपतुर तुमी लेकीकडं पाठ फिरवली न्हाई. आता बी नगा फिरवू. वाटे घाला, आन पाठ करा."

मकबूलभाईंनी तिच्याकडे टक लावून पाहिलं. मग ते उठले, गोठ्यातून मोजायला दोराचा लांब सोल घेतला आणि रामहरी अण्णांना म्हणाले, "चल, दुसरं टोक धर."

पुढचा सगळा दुपारचा प्रहर ते दोघे म्हातारे रानात हिंडत होते. आडवे तुकडे मोडले आणि उभे पट्टे आखायला घेतले. प्रत्येक पट्टा रस्त्यापासून निघायचा, लिंबोणीतून जायचा आणि माळाला जाऊन टेकायचा. रस्त्याचं तोंड तिघांना, बाग तिघांना, मुरूम तिघांना. ओढ्याकडच्या पट्ट्यात झाडं दाट निघाली तेव्हा मकबूलभाईंनी रस्त्याच्या अंगाला तो दोन हात आवळला. विहीर मधल्या पट्ट्यात गेली तेव्हा तिच्याभोवती तिघांची वाट सोडली. मुबारकला वाटत होतं, मोजणीवाल्याला बोलवावं, पण बापाचा चेहरा बघून तो नुसता खुंट्या ठोकत मागे मागे गेला. तो चेहरा जैतूनबीच्या ओळखीचा होता. वाटे घालताना मकबूलभाई असेच दिसायचे, भुकेलेल्या माणसासारखे एकाग्र, आणि जग विसरलेले.

उन्हं कलली तेव्हा सगळे परत ताडपत्रीशी आले. मकबूलभाईंनी तीन दगड मांडले. चिंचेकडच्या पट्ट्याचा पांढरा, मधल्याचा काळा, ओढ्याकडचा तांबडा. ते तिन्ही दगडांकडे पुष्कळ वेळ बघत राहिले. मग मान हलवून म्हणाले, "ह्यातला कंचाबी मला दिला तरी मी घीन." वाटा बरोबर झाल्याची ती त्यांची नेहमीची खूण होती. रामहरी अण्णांनी टोपी नीट केली. आता साक्षी व्हायला त्यांची हरकत नव्हती.

मकबूलभाई वळले आणि पाठ करून बसले.

बोट कोण लावणार हे कुणी विचारलं नाही. बिल्कीस पुढे सरकली. पदर खोचून ती दगडांपुढे बसली, तशी जैतूनबीला तिच्यात शाळेतली पोर दिसली. तिने क्षणभर थांबून काळ्या दगडाला बोट लावलं. तो मधला पट्टा होता, विहिरीचा.

"हा कुनाचा?"

आवाज खणखणीत निघाला. रस्त्यावरून मोटारसायकलवर चाललेल्या दोघांनी वळून पाहिलं.

मकबूलभाईंची पाठ हलली, खांदे एकदा वर गेले आणि खाली आले. त्या पाठीने आजवर काष्टीतल्या झाडून सगळ्या घरांची नावं घेतली होती. सुनांच्या नवऱ्यांची, नातवांच्या आजोबांची, भांडलेल्या भावांची, अगदी वैऱ्यांचीसुद्धा घेतली होती. जी पोर बोट लावून विचारायची, तिचं नाव मात्र कधी घेतलं नव्हतं. तिचा वाटा बापाच्या वाट्यात, मग नवऱ्याच्या वाट्यात, असं धरलेलं. ते नाव या जागेवरून घ्यायची त्यांच्या जिभेला सवय नव्हती, म्हणून वेळ लागत होता.

"बिल्कीसचा," ते म्हणाले. आणि मग, कुणाला नीट ऐकू आलं नसेल म्हणून की काय, पुन्हा मोठ्याने म्हणाले, "बिल्कीस मकबूल मुलाणी हिचा."

जैतूनबीला इतका आनंद झाला, की तो ठेवायला तिला जागा सापडेना. ती रडली नाही. तिने राशिदाचा हात धरला आणि इतका दाबला, की सुनेच्या बांगड्या रुतल्या. पुढे पांढरा शकूरला गेला आणि तांबडा मुबारकला, पण ते ऐकायला तिचं लक्ष ठिकाणावर नव्हतं. रामहरी अण्णा उगाच सगळ्यांना, बरं झालं, लई बरं झालं, असं सांगत सुटले होते.

मकबूलभाई उठले ते थेट रानाकडे निघाले. नुसतं तोंडाने बोलून हिबा पुरा होत नाही, ते म्हणाले, देणाऱ्याने ताबा सोडला पाहिजे आणि घेणाऱ्याने तो घेतला पाहिजे. त्यांनी लेकीला मधल्या पट्ट्यात, विहिरीपाशी नेऊन उभं केलं. मग स्वतः खुंट्यांची ओळ ओलांडून पलीकडे गेले आणि वळले. मळक्या सदऱ्यातला तो म्हातारा आपल्याच रानाच्या कडेला पाहुण्यासारखा उभा राहिला, आणि तसं उभं राहण्याचा त्याला कधी नव्हे तेवढा अभिमान वाटत होता.

"बिल्कीस," त्यांनी हाक मारली. "येऊ का तुझ्या रानात?"

बिल्कीसने तोंडाला पदर लावला. तिने होकाराची मान हलवली, आणि मकबूलभाई चपला हातात घेऊन आत आले.

जैतूनबी मात्र कुणाला विचारत बसली नाही. ती केव्हाच लिंबोणीत शिरली होती आणि ओचा भरून लेकीच्या झाडाची लिंबं खुडत होती.